लायटरची खोबण आणि साडूची गाडी

४ जून, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. २९ तारखेला कन्येला होस्टेलवर सोडायचंय. पाच तासांचा रस्ता. मी जाहीर केलं की माझ्या वडिलांच्या गाडीतून जायचं. साठ वर्षांची गाडी, पत्रा असा की टकटक केली तर बोटं दुखतात. टाळ्या अपेक्षित होत्या. कन्या मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, त्यात काही चार्ज होत नाही, काकांच्या गाडीतून जाऊ.

काका म्हणजे माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गेल्या महिन्यात त्याने विजेवरची गाडी घेतली. गाडी कसली, चाकं लावलेला फ्रीज. आत चार्जिंगला आठ जागा. माणसं बसणार चार, जागा आठ! हावरटपणा म्हणतात तो हाच.

मला त्याचा हेवा वाटत नाही. हे इथे लिहून ठेवलेलं बरं.

५ जून
शोध लागला! आपल्या डॅशबोर्डवर सिगारेट लायटर आहे. वडील सिगारेट ओढत नसत, पण पाहुण्यांना तो तापवून दाखवत. आजकालचे चार्जर त्याच खोबणीत बसतात म्हणे. लगेच एक आणला. दुकानदाराने गाडी कुठली ते विचारलं. सांगितल्यावर तो उठून आत गेला. आदराने. (बायकोच्या मते हसायला.)

९ जून, रविवार
साडू आला. मी बोलावलं नव्हतं, बायकोने बोलावलं होतं. सोबत मीटर. त्याच्या दोन तारा खोबणीत खुपसून म्हणाला, दादा, यात चार्जर लावू नका. जुन्या गाड्यांत बॅटरीचं प्लस बॉडीला जोडायचे, म्हणजे हिच्यात सगळं उलटं आहे. चार्जर जळेल, फोनही जाईल. त्यापेक्षा डिकीत वेगळी बॅटरी ठेवा आणि तिच्यावर वेगळं सॉकेट काढा.

मी नुसता हसलो. माझ्या वडिलांची गाडी उलटी आणि याची तेवढी सुलटी! डाव सरळ आहे. कन्येला त्याच्याच गाडीतून न्यायचंय त्याला. वर कन्या म्हणते, काकांना किती माहिती असते. मी पंचवीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय. अर्ध्या गावाला माझ्यामुळे दिसतं. मला कोणी असं म्हणाल्याचं आठवत नाही.

११ जून, सायंकाळी ७
चार्जर लावला. माझा फोन जोडला. ठुस्स. वास.
चार्जर निकृष्ट निघाला. फोनही निकृष्टच म्हणायचा. साडूने खोबणीत तारा खुपसल्या, तेव्हाच काहीतरी बिघडलं असणार.

१३ जून
महागातला चार्जर आणला. चाचणीसाठी बायकोचा फोन घेतला. तिला उगाच त्रास नको म्हणून विचारलं नाही.
पुन्हा ठुस्स. फोन हातातून पडला असं तिला सांगितलं. पडलेल्या फोनला जळका वास कसा येतो, असं तिने विचारलं. या बाईने वकील व्हायला हवं होतं.

१५ जून
बायकोने बहिणीला सांगितलं, बहिणीने नवऱ्याला. साडू संध्याकाळी आपला जुना फोन घेऊन हजर, तुमचा नवा येईपर्यंत वापरा म्हणाला. बाकी चकार शब्द काढला नाही. मी सांगितलं होतं ना, एवढं जरी म्हणाला असता तरी मी त्याला माफ केलं असतं. न बोलता निघून गेला, हे फार झोंबलं. मी याचं काय घोडं मारलंय? जाताना कन्या त्याला सोडायला फाटकापर्यंत गेली. फाटकापर्यंत! मी रोज दुकानात जातो तेव्हा ती सोफ्यावरून पाय काढत नाही.

१८ जून
म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. वडिलांच्या वेळेपासून गाडी तोच बघतो. त्याने बॉनेट उघडलं आणि साडूचंच वाक्य म्हटलं, सगळं उलटं आहे. वर म्हणाला, तुमच्या वडिलांनीही नवा रेडिओ असाच जाळला होता, तेव्हा त्यांना मीच सांगितलं होतं. साडूने याला पढवून ठेवलं असणार. पण दोघांची ओळख नाही, म्हणजे ते जमणार नाही.

रात्रभर विचार करून स्वतःची अशी एक योजना काढली. डिकीत वेगळी बॅटरी ठेवायची आणि तिच्यावर वेगळं सॉकेट काढायचं. साडूच्या बोलण्यात असं काहीसं आलं होतं, पण त्याने ते नुसतं सुचवलं होतं. विचार माझा.

२१ जून
साडूच्या गाडीत आठ जागा. आपल्या गाडीत नऊ हव्यात. एक बॅटरी पुरायची नाही. दोन घेतल्या. सुताराला डिकीच्या मापाची पेटी सांगितली. एवढी मोठी कशाला, असं तो विचारत होता. सुतारालासुद्धा साडूची बाजू घ्यायची असते.

२५ जून
यशस्वी! मिस्त्रीने जोडणी केली. नऊ सॉकेट. एकाच वेळी तीन फोन, टॅब, दाढीचं मशीन, टॉर्च, छोटा पंखा, आणि उरलेल्या दोन जागा दिमाखात रिकाम्या. कन्या बाहेर आली, बघितलं, आणि म्हणाली, वा बाबा. मग म्हणाली, बरं, तुमच्याच गाडीतून जाऊ.

साडूला मी स्वतः फोन करून सांगितलं. छान झालं दादा, म्हणाला. आवाजात नक्की जळफळाट असणार. ऐकू आला नाही, पण असणार.

आता पाच तास. ती पुढच्या सीटवर, मी शेजारी. दोन वर्षांत आमचं बोलणं म्हणजे मी विचारतो, जेवलीस का, आणि ती म्हणते, हं. पाच तासांत नुसत्या हं वर भागायचं नाही. काय काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. पहिला विषय सापडायला पाऊण तास लागला.

२९ जून, सकाळी ८:०५
घाईत लिहितोय. सहाला निघायचं होतं. सामान बाहेर आलं, गादी, ट्रंक, बादली, पुस्तकांची दोन खोकी. डिकी उघडली. डिकीत पेटी. मागच्या सीटवर दुसरी बॅटरी आणि वायरींचं जंजाळ. सामान असतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पेटी काढायला गेलो, तर सुताराने ती तळाला स्क्रूने पक्की केलेली. दोन तास गेले, पेटी हलली नाही.

साडू नुसता टाटा करायला आला होता. सगळं सामान त्याच्या डिकीत गेलं, वर जागा उरली. होस्टेलवर दीडच्या आत स्वतः हजर राहायचंय, आणि वडिलांची गाडी पन्नासच्या पुढे गेली की थरथरते. बायको म्हणाली, पोरीला त्यांच्याबरोबर जाऊ दे. मी म्हणालो, अर्थात, मी तेच म्हणणार होतो.

निघताना कन्येने आपला फोन माझ्या सॉकेटला लावला. म्हणाली, हा तुमच्याकडे चार्ज होऊ दे बाबा, एवढी खटपट केलीत. बायकोही साडूच्याच गाडीत बसली. मी आणि नऊ सॉकेट मागून येतोय.

२९ जून, दुपारी ४
पावणेतीनला पोचलो. कन्या फाटकाशीच उभी होती. मला बघून धावत सुटली. मी खाली उतरून हात पसरले. ती हाताखालून वाकून गाडीत शिरली आणि फोन घेऊन बाहेर आली. शंभर टक्के, थँक्यू बाबा, म्हणाली. आतून घंटा झाली. तीनच्या पुढे पालकांना थांबता येत नाही. तिने हात केला आणि गेली. खोली मी पाहिलेली नाही. तिथला दिवा साडूने बसवून दिला, बायको सांगत होती.

बायको चहाला गेली तेव्हा साडूला विचारलंच. पाच तास होतास की रे तिच्याबरोबर, काय काय बोलली? स्पष्ट लिहितो, विचारताना माझ्या पोटात दुखत होतं. तिने त्याला काय सांगितलं असेल, कशाची भीती वाटते, कोण मैत्रिणी, आमच्याबद्दल काही.

साडू म्हणाला, काही नाही हो दादा. हातात फोन नव्हता ना, बसल्या बसल्या झोपून गेली. थेट इथे आल्यावर उठवली.

मला झोपलेलीही चालली असती.