स्टेटसवरची पाखरं

२ जानेवारी

आजही ठिपकेच आले.

लई गारठा. साडेसहाला शेतात गेले, पाखरं राखायच्या माचावर चढले, फोन काढला. शाळू हुरड्यात आलाय, त्यामुळं पाखरांची जत्राच भरलीय — गुलाबी भोरड्या, पिवळे भारीट, चिमण्या. फोटोत मात्र राखेत मोहरी सांडल्यासारखं दिसतं. डोळ्याला गुलाबी आणि फोनमधे काळं!

राजनंदिनी कशी काढायची कोण जाणे. ह्याच माचावरून, ह्याच्याहून जुन्या फोननं. "आई, ऊन पाखराच्या तोंडावर पाहिजे, तुझ्या न्हाई," म्हणायची.

म्हणायची — असं लिहिलं गेलं. जित्ती आहे माझी लेक.

३ जानेवारी

लिहूनच टाकते एकदा. वही डाळीच्या डब्यामागं असते. तिथं ह्यांचा हात जात नाही.

एप्रिलमधे राजनंदिनी भागवतबरोबर गेली. तिच्या कॉलेजातला. शिरूर कासारकडचा, आईबाप ऊसतोडीला जाणारे. आठ दिवसांनी सापडली ती थेट पोलीस ठाण्यात, लग्नाचा कागद घेऊन. वीस वर्षाची आहे, कोण काय करणार? घरी आल्यावर हे म्हणाले, "आपल्याला मेली ती." नुसतं तोंडानं म्हणाले असते तर चाललं असतं. तेरावं घातलं! सिरसाळ्याच्या चौकात बॅनर लावला — भावपूर्ण श्रद्धांजली. दोनशे पानं उठली. "अंगदरावनं काळजावर दगड ठिवला," म्हणत होते आणि बुंदी मागून घेत होते.

बॅनरचा फोटो मीच दिला. हे म्हणाले, "चांगला बघून दे." मी चांगला बघून दिला.

तेव्हापासून रडू येत नाही. राग पण येत नाही. भाकरी थापते, ताक करते, माणसं आली की चहा टाकते. जिभेला चव नाही, म्हणून कालवणाचं मीठ सासूबाई बघतात.

५ जानेवारी

दिवाळीत एक फोन आलता. नवा नंबर. "आई—" एवढंच ऐकलं. हे समोर बसलेले. मी म्हणाले, राँग नंबर, आणि ठेवून दिला.

राँग नंबर म्हणाले मी. पोटच्या पोरीला!

तो नंबर 'गॅस एजन्सी' नावानं ठेवलाय. हे रोज माझा फोन बघतात. मेसेज केला तर सापडेल. स्टेटस चालतं — पाखराच्या फोटोत काय सापडणार? खाली बघणाऱ्यांची नावं येतात. शेजारची भामाबाई, माझा भाऊ, बचतगटातल्या दोघीतिघी. गॅस एजन्सी नाही.

पाखरं बघितली की तिला कळेल कुणासाठी लावलीत. तिनं बघावं. दुसरं काही मागणं नाही.

८ जानेवारी

आज सासूबाई गोफण घेऊन माचाखाली हजर. दिला एक धोंडा भिरकावून! सगळ्या भोरड्या उडाल्या.

"पाखरं हाकलायला येतीस का त्यांची लग्नं लावायला? शाळू संपल्यावर काय फोटू खाणार हाईस?"

मी खाली उतरून बसले. मग त्याही बांधावर टेकल्या. म्हणाल्या, "रोहिणे, रड की बाई एकदा. बघवना मला."

"येत नाही."

"कावून येत न्हाई?"

मला काय माहीत कावून.

९ जानेवारी

धुकं. काही दिसलं नाही. गॅस एजन्सीनं कालचा फोटोही बघितला नाही.

१२ जानेवारी

जमलं!

ओढ्याकडच्या बाभळीखाली जाऊन बसले, पाठीवर ऊन घेऊन. हलले नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही. आधी भोरड्या आल्या, सात. अंगं फुगवून ऊन खात बसल्या. मग त्याच फांदीवर दोन भारीट — काळी डोकी, पिवळीधम्मक पोटं — भोरड्यांना जरा सरका म्हणाल्यासारखे मधे घुसले. गुलाबी, पिवळी, सगळी एका ओळीत. दोन फोटो निघाले आणि गेली उडून.

आनंद व्हायला पाहिजे होता. ठीक वाटलं, एवढंच.

जेवताना ह्यांनी फोन घेतला. फोटो लई वेळ बघितला. मला वाटलं आता विचारतील. म्हणाले, "आपलाच शाळू खायलेत न्हवं?" आणि फोन ठेवून दिला.

चार वाजता खाली नाव आलं. गॅस एजन्सी.

तीनदा वाचलं.

१४ जानेवारी

संक्रांत. वाण घेऊन भामाबाई आली. हळदीकुंकू लावता लावता बोलून गेली, "राजनंदिनीची पहिलीच संक्रांत की गं, हलव्याचे दागिने—" आणि जीभ चावली. मी म्हणाले, "तिळगूळ घ्या."

माझ्या लेकीला काळी साडी कुणी घेतली असेल? कुणीच नाही.

१६ जानेवारी

गॅस एजन्सीचा मेसेज आला. वाचून लगेच पुसला, तरी पाठ झाला—

"आई पाखरं किती दिवस दाखवणार? मला आठवा चालू आहे. सासू कारखान्यावर तोडीला. हे ड्युटीवर. पाय सुजलेत, विचारू कुणाला? पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना गं? मला कुठंय माहेर."

खाली चाकणचा पत्ता.

गोठ्यात जाऊन रडले. तोंडात पदर कोंबून, हुंदक्यावर हुंदके. म्हैस वैरण सोडून माझ्याकडं बघत राहिली. नऊ महिने मी काय करत होते? पाखरं मोजत होते. पोरगी एकटी तिकडं, आणि मी ऊन कुठून पडतंय ते बघतेय! माझा मलाच संताप आला.

रात्रीचं कालवण खारट झालतं. मला कळलं.

१८ जानेवारी

परळी-पुणे गाडीत लिहितेय. तेलगाव गेलं.

सकाळी पिशवी घेऊन निघाले तेव्हा ओट्यावर ह्यांच्यासोबत चार माणसं चहाला बसलेली. हे म्हणाले, "कुठं निघालीस?"

मी म्हणाले, "आपल्या मेलेल्या लेकीच्या बाळंतपणाला."