घोडीची दाढ

बाबा,

घोडी माजलेली नव्हती. तिच्या दाढेला टोक आलं होतं आणि ते गालात रुतायचं, म्हणून लगाम लावला की चावायची. मी कानस फिरवून दाढ सपाट केली आहे. तोंड अजून हुळहुळं आहे, दोन दिवस कोंडा भिजवून घाला. मघाशी तिने माझ्या खांद्यावर मान टाकली.

तुमचंही असंच काहीतरी दुखत असेल, या आशेवर तुम्हाला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. आई तर देव पाण्यात घालून बसली होती. आज एक्स-रे आला. तुमचे दात ठणठणीत आहेत.

आईला माझ्याकडे नेते आहे. स्वयंपाकघरात अनवाणी जाऊ नका. तिच्या चष्म्याच्या सगळ्या काचा मला सापडल्या नाहीत.