पेरिल्लॅ, म्हणजे पोचले

बारामती, १० मार्च

प्रिय सई,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आपण एकमेकींना दिसतो खऱ्या, पण मी काही विचारायला गेले की नेमकं तुझ्याकडचं नेट जातं. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय मी. "बाई, वही घरी राहिली" म्हणणाऱ्या पोराची वही दप्तरातच आहे, हे त्याच्या कानांकडे बघून ओळखायचे. तेव्हा नेट कधी जातं आणि कधी घालवलं जातं, तेही मला कळतं. कागदाला ही सोय नाही. चहा घे आणि सावकाश वाच.

चार वर्षांपूर्वी तू आणि निहार फिनलंडला गेलात, तेव्हाची गोष्ट तुला आठवते का? निहारच्या ऑफिसातला तो उंच गृहस्थ तुम्हाला विमानतळावरून ताम्पेरेला घेऊन गेला होता. दारासमोर गाडी थांबवून हँडब्रेक ओढत तो म्हणाला, "पेरिल्लॅ ओल्लान." तू तेवढंच रेकॉर्ड करून मला पाठवलंस. मी म्हटलं, हे काय? तू म्हणालीस, "आई, पोचलो." मला ते काही पटलं नव्हतं. पोचलो एवढं सांगायला इतकं लांबलचक कोण बोलेल? मग तू शिकवलंस: पहिल्या अक्षरावर जोर, शेवटचा 'लॅ' म्हणजे बॅटमधला 'बॅ', आणि घाईत असलं तर नुसतं 'पेरिल्लॅ'ही चालतं. जिथं जायला निघालो तिथं आता आहोत, असा त्याचा अर्थ. मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं आणि आठवडाभर भाजी निवडता निवडता घोकलं. शेजारच्या छबूबाईंनी खिडकीतून विचारलंसुद्धा, "बाई, काय पेरलं म्हन्ता? तुमचं रान तर वाट्यानं दिलंय न्हवं?" तेव्हापासून तू ऑफिसला निघालीस की 'निघाले' आणि तिथं गेलीस की 'पेरिल्लॅ'. एक दिवस चुकला नाही.

तसा हा आपल्या घरचा जुनाच नियम. माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हे तुझ्या आजीचं. त्यात मी माझं एक वाढवलं, पोचल्याचा निरोप येईपर्यंत जेवायचं नाही. कुणी सांगितलं नव्हतं मला. लग्नानंतर पहिल्याच हंगामात तुझे बाबा मोटारसायकलवरून उसाच्या पाहणीला जायला लागले, आणि माझ्या घशाखाली घासच उतरेना. मग त्याचंच व्रत झालं. शाळेला सुट्टी असली की मी ताट वाढून, झाकून, फोनजवळ बसायचे. बाबा हसायचे, म्हणायचे, "मंदे, कारखान्याचा शेतकी विभाग एक वेळ माझी हजेरी विसरेल, तू नाही विसरायचीस." मला त्यात भारी अभिमान वाटायचा. माझ्यासारखी काळजी करणारी बाई दुसरी नाही, असं मी चारचौघींत सांगायचे.

आता मुद्द्यावर येते. दिवाळीपर्यंत तुझं 'निघाले' आपल्या अकरा वाजता यायचं आणि 'पेरिल्लॅ' अकरा वीसला. दिवाळीनंतर 'निघाले' अकरालाच, पण 'पेरिल्लॅ' बारा दहाला. ऑफिस हललं नाही, ते मी तुला बोलता बोलता विचारून घेतलं होतं. मग वीस मिनिटांची वाट सत्तर मिनिटांची कशी झाली? तू म्हणालीस, बर्फ आहे. बर्फ काय गेल्या तीन वर्षांत पडला नव्हता? बरं, मानलं बर्फ. पण जावईबापूंचं काय? ज्या दिवशी विचारावं त्या दिवशी निहार अंघोळीला. सकाळी अंघोळ, संध्याकाळी अंघोळ, रविवारी सौना. तीन महिने माणूस पाण्यातच आहे म्हटल्यावर त्याला एव्हाना कल्ले फुटले असतील, असं मी म्हटलं होतं. तू हसलीस, पण उशिरा हसलीस. आणि एकदा फोन ओट्यावर टेकवून तू कणीक मळत होतीस, मागे ते भांडी निथळायचं कपाट उघडं राहिलं होतं. एक ताट, एक वाटी, एक पेला. दोन माणसांच्या घरात एकच ताट कसं विसळतात, हा हिशेब मला चौथीच्या गणितानेही सुटेना.

मी काय काय संशय घेतले ते तुला सांगितलं तर तू मला वेड्यात काढशील. आधी वाटलं, तुझी नोकरी गेली आणि तू कुठंतरी हॉटेलात भांडी घासतेस. मग वाटलं, निहार आजारी आहे, दवाखान्यात आहे. मग वाटलं, ते 'पेरिल्लॅ' तू पाठवतच नाहीस, फोनला सांगून ठेवलंयस आणि तोच रोज पाठवतो. म्हणून मी मुद्दाम एकदा उलट लिहिलं, "आज डबा काय नेलास?" लगेच उत्तर आलं, "बटाटा." म्हणजे पाठवणारी तूच. पण तुला बटाटा आवडत नाही. तो निहारला आवडतो. मी त्या एका बटाट्यावर दोन दिवस घालवले.

शेवटी गेल्या आठवड्यात शेळगावला तुझ्या सासूबाईंना फोन लावला. सकाळचे साडेनऊ झाले होते. मी आपलं सहज विचारलं, "जावईबापू बरे आहेत ना?" सिंधुबाई म्हणाल्या, "व्हय व्हय, बरा हाय की. आत्ताच न्याहारी करून बागंत गेलाय." आणि मग त्यांनी जीभ चावली, ती मला इथं ऐकू आली. आपल्याकडे साडेनऊ म्हणजे तुमच्याकडे सकाळचे सहा, बाहेर गुडघाभर बर्फ. निहार त्या वेळी कुठल्या बागेत जाईल? "पापड लाटून ठेवलेत, उद्या आणून देते," एवढंच म्हटलं. पापड लाटलेले नव्हते. ते मी जाताना स्टँडजवळच्या दुकानातून घेतले आणि घरच्या डब्यात भरले.

शेळगावला पोचले तर सिंधुबाई दारातच उभ्या. "या बाई, बसा, पाणी घ्या, तुमी उगी उनातान्हाचं आलात," असं म्हणत त्या मला घरात ओढायला लागल्या आणि मी पेरूच्या बागेकडे चालायला लागले. निहार तिथंच होता. फळांना जाळ्या चढवत होता, पाठमोरा. बारीक झालाय. मी हाक मारली तेव्हा त्याच्या हातातला पेरू खाली पडला. सई, मी तिथं भांडायला गेले होते, हे तुझ्यापासून लपवत नाही. वाटेत एसटीत बसून काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. त्याने कबूल केलं सगळं, एकदाही डोळे न चुकवता: दिवाळीपासून तुम्ही वेगळे राहताय, तू गावाबाहेर खोली घेतलीस, दोन बस बदलून ऑफिसला जातेस, आणि तो बिनपगारी रजा टाकून आलाय. तुमचं काय बिनसलं ते मी विचारलं नाही. तुझा विश्वास बसणार नाही, पण खरंच नाही विचारलं. मी फक्त म्हटलं, माझ्यापासून का लपवलंत? तर तो म्हणाला, "आई, सईनं शपथ घातलीय. म्हणाली, सगळं नीट मार्गी लागेपर्यंत आईला सांगू नकोस. ती जेवायची नाही."

मी बांधावर बसले. पापडांचा डबा मांडीवर तसाच. त्याला वाटलं, ऊन लागलं. ऊन नव्हतं लागलं.

हेच वाक्य मी बारा वर्षांपूर्वी ऐकलं होतं आणि तुला कधी सांगितलं नाही. तू तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होतीस. बाबा गेले तेव्हा मी तुला सांगितलं, काम उरकून परत येताना गाडी घसरली. ते खोटं होतं. त्या दिवशी दहा वाजता त्यांचा फोन आला, "पोचलो गं, जेव आता." मी घर झाडलं, जेवले, वर ताक घेऊन आडवी झाले. आणि तासाभराने दोन माणसं दारात आली. पणदऱ्याच्या पुढे रस्त्यावर उसाच्या मोळ्या सांडल्या होत्या, त्यावरून गाडी घसरली. जाताना घसरली, सई. येताना नाही. ज्या शेतावर जायचं होतं तिथं ते पोचलेच नव्हते. दहाव्याला फाट्यावरचा चहावाला म्हस्कू आला होता. तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, सायेब रोज माज्या हाटेलातनंच फोन लावायचे. अजून चार मैल जायाचं असायचं, तरी पोचलो म्हनायचे. मी इचारलं एकदा, असं का ओ? तर म्हनले, ती जेवल्याबिगर बसती रं."

बारा वर्षं मी त्या माणसावर रागावले आहे. फोटोला हार घालतानाही रागावले आहे. शेवटचा शब्द माझ्याशी खोटा बोलून गेला, असं म्हणायचे मनात. आणि म्हणूनच तुझ्या प्रत्येक 'पेरिल्लॅ'ची मी तारीख-वेळ तपासत बसले. पण त्या पेरूच्या बागेत मला पहिल्यांदा कळलं, की मी पोलिसासारखी ज्याला शोधत होते तो चोर माझ्याच ताटावर बसला होता. मी उपाशी बसणार म्हणून तुझे बाबा अर्ध्या वाटेतून पोचायचे. मी उपाशी बसणार म्हणून तू एकटीच दोन बस बदलत, डोळे पुसत, बारा दहाला 'पेरिल्लॅ' लिहीत होतीस. माझ्या काळजीचा मला केवढा तोरा होता. ती काळजी तुम्हा दोघांना ओझंच झाली, आणि ते ओझं हलकं करायला तुम्हाला खोटं बोलावं लागलं. तुम्ही खोटं बोललात खरं, पण बोलायला मी लावलं.

पाकिटावरचा पत्ता तू एव्हाना दोनदा उलटून पाहिला असशील. तुझ्या नव्या खोलीचाच आहे, निहारनेच लिहून दिला. त्याला रागावू नकोस, शपथ त्याने माझ्यासमोर मोडली आणि मोडताना रडला. तुम्ही परत एकत्र या की येऊ नका, त्यात मी पडणार नाही. पडावंसं खूप वाटतंय, पण नाही पडणार. हे पत्र एवढ्याचसाठी लिहितेय, की मला आता सगळं ठाऊक आहे आणि तरीही मी जेवले आहे. काल अकरा वाजता ताट घेतलं, तू बसमध्ये होतीस तेव्हा. पहिला घास फिरला तोंडात. दुसरा गेला. आज पोळी, मेथी आणि वर दही खाल्लं. उद्याही अकरालाच जेवणार, परवाही. तू मला काहीही कळव. बस चुकली म्हणून कळव, खोलीत करमत नाही म्हणून कळव, चार दिवस काहीच कळवू नकोस. अजून कुठंच पोचले नाहीस, तर तसं लिही. फक्त माझ्या जेवणासाठी पोचू नकोस, बाळा.

तुझीच, जेवून हात धुऊन लिहायला बसलेली,
आई