हँडलची थरथर

शुक्रवार, ४ ऑक्टोबर १९४६. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे.

अंगणात पोत्यावर बसलो आहे. पुढचे चाक मांडीवर. नव्या टायरची एक कड रिमवर चढली, दुसरी चढायची – आणि आईने हातातली पट्टी काढून घेतली! आज खंडेनवमी. हत्यारे पूजेला बसली की उद्यापर्यंत हात लावायचा नाही. मी म्हटले काम निम्मे उघडे राहील. म्हणाली, राहू दे. पाने, पट्ट्या, पंप सगळे पाटावर. चाकही तसेच उघडे, झेंडूच्या हारासकट.

हे टायर नीट बसलेच पाहिजेत. दादा लष्करात मोटारसायकलवरून टपाल पोचवीत असे. इटलीत जवळच तोफगोळा पडला, तेव्हापासून त्याचे हात कापायचे. गणपतीपासून थांबले आहेत. साठवलेल्या पैशांत त्याने लष्कराची मोडीत काढलेली ही गाडी लिलावात घेतली. सांगलीचे आप्पासो वर्तमानपत्रांचे एजंट आहेत. पुण्याहून आलेले गठ्ठे साताऱ्याहून दुपारच्या आत सांगलीला न्यायचे, असे काम ते देणार आहेत. चाळीस रुपये आगाऊही दिले. वीस तारखेला स्वतः मागे बसून सांगलीपर्यंत येणार, मग नोकरी पक्की.

टायर बसवणारा मी. पाच वर्षे सायकलच्या दुकानात आहे, पण मोटारसायकलचा टायर पहिलाच. दादाने विचारले, जमेल ना? जमेल म्हणालो.

शनिवार, ५ ऑक्टोबर

दसरा. पूजा उतरवली, दुसरी कड चढवली. ट्यूब चिमटली नाही. हवा भरली. आई शेजारी उभी राहून बघत होती. तिला टायरमध्ये इतका रस कधीपासून?

रविवार, ६ ऑक्टोबर

दादा नागठाण्यापर्यंत जाऊन आला. गाडी भिंतीला लावली आणि दोन्ही हात काखेत दाबून उभा राहिला. वहिनी चहा घेऊन आली, तो घेईना.

मला म्हणाला, "हात पुन्यांदा चालू झालं रं."

तिसाच्या पुढे वेग गेला की हँडल थरथरते, एवढेच मी त्याच्याकडून काढून घेतले. ते हँडल की हात, हे त्याला विचारायची छाती झाली नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

स्वतः चालवून पाहिली. थरथरते! माझ्याही हातात थरथरते, कोपरापर्यंत मुंग्या येतात. देवाचे उपकार. धावत येऊन दादाला सांगितले, दोष गाडीचा आहे, माझा आहे.

तो म्हणाला, "तुला गाडी कवा येतीया? तुज्या हातात बैलगाडी बी थरथरंल." हसला नाही मात्र. त्याला वाटते मी मन राखायला बोलतो.

बुधवार, ९ ऑक्टोबर

चाक काढून दोन खुर्च्यांच्या पाठीवर आस टेकवला. फिरवून सोडले की जड बाजू खाली येते. तिच्या समोरच्या आऱ्यांना शिशाची तार गुंडाळली, थोडी थोडी, चाक कुठेही स्थिर राहीपर्यंत. आरेही सारखे केले.

गाडी तशीच. काडीचा फरक नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

दादा आता बशीतून चहा पीत नाही. लोकांत तर नाहीच. काल दाढी करायला न्हाव्याकडे गेला – घरात वस्तरा असताना. वहिनी चुलीशी बसून रडत होती. मला पाहून म्हणाली, धूर लय झालाय.

सांगलीला नकार लिहून टाक, असे दादा म्हणतो. मी अजून लिहिले नाही. मी ते चाक हातात घेतलेच नसते तर त्याचे हात बरेच राहिले असते, असे वाटते.

शनिवार, १२ ऑक्टोबर

एक दिसले. टायरच्या कडेला रिमलगत बारीक रेघ आहे. ती सगळीकडे रिमपासून सारख्याच अंतरावर दिसायला हवी. एका जागी ती आत गेली आहे, बोटभर लांब. म्हणजे तिथे कड बसलेलीच नाही, चाक गोल नाही. शिसे लावून ते कसे सुधारणार? साबणपाणी लावून हवा जास्त भरली, आपटले. रेघ वर येत नाही.

टायर काढायलाच हवा. काढताना ट्यूब फाटली तर दुसरी साताऱ्यात नाही. कुठेच नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

काढला. ट्यूब शाबूत. कडेखाली, रिमच्या खोबणीत, लाल फडक्यात शिवलेली पुडी! चपटी झालेली. आत अंगारा आणि एक तांब्याचा पैसा.

आईला दाखवली. नाकारले नाही. खरसुंडीच्या नाथाचा अंगारा, माहेराहून मागवलेला. खंडेनवमीला चाक उघडे होते तेव्हाच तिने आत सारला.

"त्यो दंडाला बांधून घेत न्हाई," ती म्हणाली. "मग म्या गाडीला बांधला. गाडी त्येला सोडून कुटं जातीया?"

मी फार बोललो. बोलू नये ते बोललो. तुझ्या देवाने त्याची नोकरी घालवली, असेही बोललो. तिने पुडी घेतली नाही. माझ्या खिशातच आहे.

टायर परत बसवला. रेघ सगळीकडे सारखी. शिशाची तार काढून टाकली.

सोमवार, १४ ऑक्टोबर

पहाटेच निघालो. तीस, पस्तीस, चाळीस! हँडल देवघरातल्या समईसारखे स्थिर. अतीत गावाच्या पुढे एका हाताने चालवून पाहिली. ओरडलो – रस्त्यावर कोणी नव्हते म्हणून.

आईची माफी मागायची आहे. संध्याकाळी मागेन. आधी दादाला बसवू दे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

दादाने चालवली, मी मागे. पाच दिवस आहेत, आप्पासो येतील, सगळे जमेल असे मनात घोळवत होतो. नागठाणे आले. वेग तिसाच्या पुढे गेला. मी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिले. पुढचे चाक सरळ चालले होते. मडगार्ड हलत नव्हते. हँडल मात्र हलत होते, कारण दादाची कोपरे हलत होती.

त्याने गाडी बाजूला घेतली. उतरला नाही.

"कापतंय न्हवं अजून?" त्याने विचारले. मागे न बघता.

मी उतरून उगाच पुढचे चाक चाचपू लागलो. तो पुन्हा म्हणाला, "गुंडा. खरं सांग."

म्हणालो, कापते, हँडलच.

बुधवार, १६ ऑक्टोबर

काल हँडल कापते म्हणालो ते त्याने मानलेले नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. संध्याकाळी वहिनीने घास भरवला. त्याने दार लावून घ्यायला सांगितले.

उद्या विट्याहून सिद्धू येणार. लष्करात दादाच्या तुकडीतच ट्रक चालवायचा. त्याचे म्हणणे दादा मानतो. माझे नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

पहाटे सगळे उठायच्या आत टायर काढून पुडी रिमच्या खोबणीत होती तिथेच परत बसवली.

दुपारी सिद्धूने गाडी फिरवून आणली. उतरतानाच दादाला हाक मारून म्हणाला, "लालासाहेब, ही कसली गाडी रं? हात झिणझिणलं माजं." दादा उठून अंगणात आला. स्वतः एक फेरी मारून बघितली. मग मला म्हणाला, सायकलवाल्याच्या हातात चाक दिले हीच चूक, आणि किती दिवसांनी हसला. सिद्धूसमोर बशीतून चहा प्यायला. थोडा सांडला. गाडीवर बसून हात अवघडले म्हणाला.

आई माझ्याकडे बघत होती. तिला कळले आहे.

आप्पासोंना पत्र टाकले, गाडी नादुरुस्त आहे, येऊ नये.

खर्च – शिशाची तार दहा आणे, साबण एक आणा, कार्ड तीन पैसे. देणे – आप्पासोंचे चाळीस रुपये.