चंद्रीला सांगितलेलं

शनिवार, ४ जानेवारी

सदतीस मुलं, सदतीस सूर्योदय! आणि प्रत्येक सूर्य डोंगराआडूनच उगवलेला. गडमुडशिंगीत तुमच्या घरामागं डोंगर कुठाय रे, म्हणून विचारलं. एक जण म्हणाला, "पुस्तकात असतोय की मॅडम."

आठवीचा वर्ग. सहा शनिवार मी त्यांना कविता लिहायला शिकवायचं ठरलंय. हेडमास्तर विजयसिंह सर गेटपासूनच मोठ्यानं बोलत आले — "सव्वीस जानेवारीला गावासमोर कायतरी जोरदार पायजे बघा!" मी हसून हो म्हटलं. हो म्हणायची माझी जुनी खोड.

पुढच्या वेळेसाठी सांगून आले — सूर्य नको, फुलपाखरू नको, यमक तर अजिबात नको. घरात रोज कानावर पडतं तेवढंच लिहून आणा.

एक गोष्ट इथंच लिहिते, दुसरीकडं सांगायची सोय नाही. "रोज लिहा, हात चालता ठेवा," असं पोरांना ठणकावून आले. माझी स्वतःची चार वर्षांत कवितेची एक ओळ नाही. दिवाळी अंकांना जुन्याच कविता पुसूनझाडून देते. अजून कुणाला कळलेलं नाही.

११ जानेवारी

बस चुकली, पण वर्ग झकास झाला. एकीनं आजोबांचा खोकला लिहून आणला. धवलनं शेजाऱ्यांचं भांडणच उतरवलं — शिव्यांसकट! शिव्या खोडायला लावल्या. घरी येताना वाटलं, सगळा जीव त्या शिव्यांतच होता.

१८ जानेवारी

शेवटच्या बाकावर क्रांती नावाची मुलगी बसते. दोन शनिवार तोंडातून शब्द नाही. आज वर्ग सुटल्यावर मुठीतला घडी केलेला कागद माझ्या हातात कोंबला. "फकस्त तुमास्नी वाचायला हाय, मॅडम." आणि पळाली.

बसमध्ये उघडला. उतरवून ठेवते —

आई घरात बोलत न्हाय.
गोठ्यात बोलती.
चंद्रे, म्हातारीला आज बी आमटी खारट लागली.
चंद्रे, मला नर्स व्हायचं हुतं गं.
चंद्री कान हलवती.
मग दूध येतं.

चंद्री म्हणजे म्हैस. माझा स्टॉप कधी गेला कळलंच नाही, दोन स्टॉप उलटं चालत आले. तेरा वर्षांची पोर! मला तिचा हेवा वाटला. हो — हेवाच.

२६ जानेवारी

झेंडावंदन, लेझीम, भाषणं. मैदानात सगळं गाव. मुलांनी कविता वाचल्या, टाळ्या बेताच्याच पडल्या. विजयसिंह सर कानाशी आले — "मॅडम, शेवट जोरदार करा!" क्रांतीचा कागद माझ्या पर्समध्ये होता. मी तो वाचला. तिचं नाव घेऊन वाचला.

आधी टाळ्या, मग हशा. मागून कुणीतरी ओरडलं, "चंद्रीलाबी स्टेजवर बोलवा की!" लोकांना आवडली म्हणायची, असं वाटलं. मी हात जोडून उभी राहिले, जशा काही टाळ्या मलाच होत्या. पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठून चालायला लागली. क्रांती मान खाली घालून बसली होती. लाजली असेल, म्हटलं.

छान झाला कार्यक्रम.

१ फेब्रुवारी

क्रांती गेल्या सोमवारपासून शाळेत नाही. धवल तिच्याच गल्लीतला, त्याच्याकडून सगळं कळलं. उठून गेलेली म्हातारी म्हणजे बनाबाई, क्रांतीची आजी. आमटी खारट लागणारी! तेव्हापासून तिनं सुनेशी बोलणं टाकलंय. सून म्हणजे क्रांतीची आई, संयोगिताताई. त्या डेअरीत दूध घालायला गेल्या की रांगेतून कुणीतरी विचारतंच — "काय वैनी, आज म्हशीनं काय सल्ला दिला?"

आता त्या गोठ्यातही तोंड उघडत नाहीत. मुकाट्यानं धार काढायला बसतात. आणि चंद्री पान्हा चोरायला लागलीय! चार लिटरची म्हैस दीडवर आली. "तिला आवाजाची सवय हाय, मॅडम," धवल म्हणाला. "आवाज न्हाय तर दूध न्हाय."

कागद खाजगी आहे हे ध्यानात राहिलं नाही, असं लोकांना सांगता येईल. इथं कसं सांगू? चांगलं ध्यानात होतं. मला टाळ्या पाहिजे होत्या. चार वर्षांची उपाशी मी, पोरीच्या ताटातलं उचलून खाल्लं. लाज वाटते.

३ फेब्रुवारी

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. पत्ता विचारावा लागला नाही, म्हशीचं नाव सांगितलं की झालं. तेही माझंच कर्तृत्व.

संयोगिताताई गोठ्यात होत्या. चाळिशीच्या आतल्या, काटक. "या पावणं," म्हणाल्या आणि पोतं टाकलं बसायला. मी माफी मागितली. बरंच बोलले, जरा जास्तच चांगलं बोलले बहुतेक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माफीचं काय करू, बाई? पेंडीत कालवून म्हशीला घालू?"

बादलीत बारीक धार पडत होती, ती थांबली.

"एक सांगा. तुमच्या मनात काय आलं तर तुमी कुणाला सांगता?"

"कुणाला नाही. वहीत लिहिते."

"आन् ती वही मी चावडीवर वाचली तर?"

मी पोत्यावरून उठले. क्रांती दारात उभी होती. निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तर ती बाजूला सरकली. एवढंच म्हणाली, "आई मला एक शबुद बी बोलली न्हाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

४ फेब्रुवारी

दिवसभर तो प्रश्न डोक्यात.

७ फेब्रुवारी

ठरलं. उद्या शेवटचा शनिवार. वर्ग संपला की ही वही संयोगिताताईंना देऊन यायची. हेवा, टाळ्या, जुन्या कवितांची लबाडी, सगळं यात आहे. आणि आधीच्या पानांवर तर काय काय आहे, वाचवत नाही मलाच. त्यांनी चावडीवर वाचली तरी चालेल.

छे, अजिबात चालणार नाही! तरी नेणार.

१२ फेब्रुवारी

वही नाही, म्हणून कॅलेंडरच्या जानेवारीच्या पानामागं लिहितेय.

आत्ता क्रांतीचा फोन आला, आपणहून. सोमवारपासून शाळेत जातेय. आई सातवी शिकलेली, अडखळत का होईना वाचते. पण चावडीवर नाही. रोज दोन्ही धारांच्या आधी गोठ्यात बसून पानंच्या पानं — चंद्रीला वाचून दाखवते! "आन् मधीमधी आपलं बी सांगतीया, मॅडम. सव्वातीनवर आली म्हस."

मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आई इचारतीया, वही सपत आली. म्होरलं कधी लिवताय?"