फेसच्या गल्लीतली डबल बेल

फेस, मोरोक्को
गुरुवार, १० एप्रिल २०२५

गोवर्धनभाऊले,
अमरावतीच्या देवीदासचा रामराम पोचावा.

पाकिटावर परदेशाचं तिकीट पाहून घाबरू नको, इकडं सगळे ठीक आहेत. मी आणि पार्बता महिनाभरापासून आमच्या पोराकडं, धर्मेंद्रकडं आहो. तो इकडं कासाब्लांकाले नोकरीवर आहे, हे तुझ्या कानावर असंलच. पार्बताची बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. वहिनीचे गुडघे कसे आहेत? अकोल्यात आता ऊन तापलं असंल. कूलरमध्ये वाळा भरला का नाही अजून? इकडं सकाळी स्वेटर लागते, विश्वास ठेव. तुझ्या पोराले, जीवनले, एसटीत गाडी मिळाली, बापासारखाच चालक म्हणून अकोल्यातच लागला, हे समजलं. चांगलं झालं.

बारा वर्षांनंतर हा माणूस पत्र काहून लिहून राहिला, असं तू म्हणशील. सांगतो. पण आधी गाव सांगू दे. गाव सांगितल्याशिवाय मले चैन पडणार नाही.

भाऊ, या फेसच्या जुन्या गावात मोटार नाही. लाखावर लोक राहतात, बाजार भरते, शाळा भरते, लग्नं लागतात, आणि बाराशे वर्षांत एक गाडी आत गेली नाही, कारण जाऊच शकत नाही! गल्ल्या अशा, की समोरून माणूस आला तर एकानं पोट आत घ्यावं. सामान सगळं खेचरावर. मागून 'बालाक, बालाक' असं ओरडत येतात, म्हणजे सरका. एका खेचरावर गॅसचे सिलेंडर पाहिले, दुसऱ्यावर फ्रिज. आख्खा फ्रिज, बाप्पा! तीस वर्षं हॉर्न ऐकण्यात गेलेला मी, वेशीतून आत शिरलो आणि जागेवरच उभा राहिलो. मी खोलापुरी गेटच्या सावलीत वाढलेला माणूस, मले वाटे आपल्या अमरावतीचा परकोट म्हणजे लय जुनी गोष्ट. याच्यापुढं तो कालचा पोरगा आहे.

गल्ल्या नऊ हजारांवर आहेत म्हणतात. आमच्या गाइडले मी म्हणलं, रूट बोर्ड कुठी आहे? तो हसला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

आणि घरं! बाहेरून मातीच्या रंगाची भिंत आणि एक ठेंगणं दार. वाटते, गोठा असंल. दार उघडलं की आत चौक, मधी कारंजं, भिंतीले हिरव्या-निळ्या फरशीचे तुकडे. एकेक तुकडा नखाएवढा, हातानं छिन्नीनं तोडून बसवलेला. वर देवदाराच्या लाकडावर असं कोरीव काम, की मान दुखली पण खाली घ्यावी वाटेना. पार्बतानं पदर डोक्यावर घेतला, देवळात घेते तसा. तिले कोणी सांगितलं नव्हतं. पुढं एक मशीद आहे, तिलेच जोडून विद्यापीठ, तेही हजार वर्षांच्या वरचं. एका बाईनं बापाच्या वारशातून बांधलं, असं सांगतात. आमाले आत जाता येत नाही, दारातून पाहायचं. दारातून जेवढं दिसलं, तेवढ्यालेच मी हात जोडले. माझी नात गीतांजली, सहा वर्षांची, तिनं विचारलं, "आजोबा, हे तुमच्या आधी बांधलं का?" म्हणलं, हाव, थोडंसं आधी.

कासाब्लांकाहून कालच इकडं आलो, आज ही खास लेकरायची सहल होती. धर्मेंद्रच्या कंपनीतले चार घरचे लोक आणि नऊ लेकरं. प्रत्येकाच्या हातात एक कागद, त्यावर चित्रं. खेचर, निळं दार, हातोडा, पुदिना, असं जे दिसंल त्यावर टीक करायची. गाइड इद्रिस म्हणून पन्नाशीचा माणूस, लांब झगा, पायात पिवळ्या चपला. सिनेमे पाहून पाहून हिंदी शिकला म्हणे. मी कंडक्टर होतो हे ऐकलं तर एकदम खुश. "आप कंडक्टर? तो मैं आगे, आप पीछे!" त्यानं झोळीतून पितळेची एक बेल काढली. इकडं लाल झगे घालून पाणी पाजणारे असतात, त्यायच्या हातात असते तशी. ती त्यानं माझ्या हातात दिली.

मग काय! प्रत्येक कोपऱ्यावर तो हात वर करून थांबे. मी नऊ डोके मोजायचो, आणि दोन बेल. टण टण. की तो निघाला. गीतूले मी सगळं शिकवलं, एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. तीन तास आमी असे चाललो. माझी छाती दोन इंच फुगली होती, तू मले मास्तर आणि मी तुले पायलट म्हणायचो त्या दिवसायसारखी. आणि इद्रिसनं दिवसभरात एकदाही मागं वळून पाहिलं नाही. बेल ऐकली की निघाला. तुझ्यासारखा.

शुक्रवार, सकाळ

काल इथंच पेन थांबला. पार्बता म्हणे चहा थंड झाला, म्हणून उठलो, आणि मग बसावंसं वाटलं नाही. आज तिनंच कागद पुढं सरकवला. म्हणे, पुरं करा, नाहीतर फाडून टाका.

या गावात तांबटायचा एक चौक आहे. मधी झाड, भोवती दुकानं, आणि वीसेक माणसं हातोड्यानं तांबं ठोकून राहिलेली. मोठमोठे गंज-पातेले! आपल्याकडं देवळाच्या भंडाऱ्याले आलू-वांग्याची भाजी आख्ख्या गावाची एका गंजात शिजंल, एवढे. एकही मशीन नाही. म्हातारा माणूस नुसत्या ठोक्यानं पत्रा गोल करून राहिला आणि कुठी एक सुरकुती नाही. मी पायरीवर बसलो आणि मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायले लागलो, आपल्या रिटायर लोकायच्या ग्रुपवर टाकायले. त्या ग्रुपवर तूही आहेस. कधी काही टाकत नाहीस, पण पाहतोस. खरं सांगू? तो व्हिडिओ तुले दिसावा म्हणूनच काढून राहिलो होतो. पाह्य, तुझा मास्तर कुठी पोचला.

इद्रिसनं कोपऱ्यावर हात वर केला. मी बसल्या जागेवरून, मोबाइलमधून डोळा न काढता, दोन बेल दिल्या. मग उठून त्यायच्या मागोमाग निघालो.

पुढच्या कोपऱ्यावर मोजले तर आठ. परत मोजले. आठच. गीतू नव्हती.

सून वर्षाली ओरडली, ते माझ्या कानात अजून आहे. नऊ हजार गल्ल्या, भाऊ, आणि सहा वर्षांचं लेकरू. धर्मेंद्रनं जाऊन इद्रिसच्या झग्यालेच हात घातला. "तू आगे चलता रहा! पीछे देखना तेरा काम नहीं?" बाकीचे लोकही त्याच्यावर धावले. इद्रिस काही भांडला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणला, "घंटी बजी थी, साहब."

बारा वर्षांमागं, डेपोतल्या चौकशीत साहेबासमोर तूही एवढंच म्हणला होतास. "बेल वाजली होती, साहेब." आणि माझ्याकडं पाहिलं होतंस. तेव्हा मी टेबलावरच्या पेपरवेटकडं पाहत बसलो आणि म्हणलो, मी बेल दिलीच नाही, चालकानं आपल्या मनानं गाडी काढली.

काल मात्र तोंड उघडलं. कसं उघडलं ते माहीत नाही. "बेल मी दिली," म्हणलं. "मोजलं नव्हतं. त्याले सोड, चूक माझी आहे." धर्मेंद्रचा हात सुटला. पोराच्या मनातून मी कसा उतरलो, ते मी त्याच्या डोळ्यात पाहिलं. पार्बता माझ्याकडं पाहतच राहिली. तिनं बारा वर्षांमागं एकदा विचारलं होतं, तुमी खरंच बेल दिली नव्हती का? मी तिच्यावर ताट फेकलं होतं.

आमी उलटे पळालो. चौकात आलो तर वीस हातोडे चालूच, टणटणटणटण, काही म्हणता काही समजू नये. इद्रिस दुकानादुकानात विचारून राहिला होता. मी मधी झाडाजवळ उभा राहिलो आणि त्या सगळ्या गलक्यात एक आवाज वेगळा आला. एक ठोका. मग थांबून एक ठोका. मग पुन्हा एकच.

एका दुकानाच्या आत, त्याच म्हाताऱ्या तांबटाच्या तिपाईवर गीतू बसली होती. हातात छोटा हातोडा, पुढं फुटकी थाळी. कागदावरचा हातोडा शोधत आत शिरली होती. म्हाताऱ्यानं तिले पुदिन्याचा चहा दिला होता आणि दाराकडं तोंड करून बसवलं होतं, येणाऱ्याले दिसावी म्हणून. मले पाहून ती रडली नाही, रागावली. "मी केव्हाची एक बेल देऊन राहिली, आजोबा. एक म्हणजे थांबा ना? तुमी थांबलेच नाही!"

मी तिथंच दुकानात खाली बसलो आणि रडलो. चारचौघात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. लोकायले वाटलं, नात सापडली म्हणून.

आता ते लिहितो, जे तुलेही माहीत नाही. मूर्तिजापूरच्या अलीकडच्या त्या फाट्यावर भाजीवाली मैनाबाई मागच्या दारानं उतरत होती, सांभाराच्या हिरव्या जुड्यायचं टोपलं घेऊन. मी पुढच्या सीटवर बसून एका ओळखीच्या पॅसेंजरले सांगून राहिलो होतो, की कंट्रोलरच्या बढतीच्या यादीत माझं नाव आलं. तिथूनच बेलची दोरी ओढली. एवढं तुले माहीत आहे. पण बाई ओरडली होती, "मास्तर, थांबा!" मी बारा वर्षं स्वतःले सांगत आलो, की ते मी बेल दिल्यावर ऐकलं. नाही, भाऊ. आधी ऐकलं होतं. वाटलं, ही रोजचीच कटकट. आणि दोन बेल दिल्या.

तिचा खुबा मोडला. बावीस वर्षं गाडीले ओरखडा नाही असा तू, तुले स्टेअरिंगवरून उतरवून वर्कशॉपात टायर धुवायले बसवलं, रिटायर होईपर्यंत. मी कंट्रोलर झालो, केबिनमध्ये बसून गाड्या पुकारल्या. तुझ्या घरासमोरून जायचं टाळायले अकोल्यात लग्नाले गेलो नाही. गेल्या महिन्यात डेपोतल्या खुशालरावनं फोनवर सांगितलं, की जीवन पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये आला तर कोणीतरी म्हणलं, सांभाळून रे, तुझ्या बापानं बाई पाडली होती. खुशालराव हसत होता. मीही हसलो. हसलो रे मी.

एक शेवटचं सांगतो. गीतू सापडल्यावर मी बेल इद्रिसले परत दिली. त्यानं घेतली नाही. माझी मूठ मिटून त्यावर हात ठेवला, म्हणला, "अब आप गिनोगे." आणि पुढं जाऊन पाठ करून उभा राहिला, पहिल्यासारखाच! वळला नाही. मी एकेका लेकराच्या डोक्यावर हात ठेवून नऊ मोजले आणि मग बेल दिली. हजार वर्षांचं ते सगळं गाव पाहिलं भाऊ, पण त्या माणसाच्या पाठीएवढं मोठं मी काही पाहिलं नाही. तशीच पाठ माझ्यापुढं बावीस वर्षं होती.

आमी वीस तारखेले परत येतो. बावीसले सकाळची अकोला गाडी धरीन. आधी फाट्यावर उतरून मैनाबाईकडं जाईन. ती आहे, काठीवर चालते, विचारून घेतलं आहे. मग तुझ्या दारात येईन. दार उघडायचं का नाही, ते तू पाह्य. तिथून डेपोच्या कॅन्टीनमध्ये जाऊन सगळ्यायसमोर हेच बोलीन. तोवर खालचा कागद जीवनच्या खिशात दे. कोणी बोललं तर त्यानं काढून दाखवावा.

"मी, देवीदास गणोरकर, निवृत्त वाहक, बिल्ला क्रमांक ३१७, लिहून देतो, की त्या दिवशी फाट्यावर दोन बेल मीच दिल्या. बसल्या जागेवरून, दाराकडं न पाहता, बाईचं 'थांबा' ऐकून. चालक गोवर्धन यांनी बेल ऐकूनच गाडी काढली. त्यायची चूक नव्हती. चौकशीत मी खोटं बोललो."

वहिनीले नमस्कार, जीवनले आशीर्वाद.

पायलट, एक बेल देऊन उभा आहे.
तुझा मास्तर