मागच्या डाव्या कोपऱ्यातला पोचा

भाईंदर पश्चिम

ती. काशीनाथदादांना परागचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनी बऱ्या आहेत ना? इकडे माझी प्रकृती उत्तम, स्वभाव मात्र बडोद्याला होता तोच. (हे व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण तिथे खाडाखोड दिसत नाही, आणि माझ्या बाबतीत खाडाखोड हाच खरा मजकूर असतो.)

बडोदा सोडून चार महिने झाले. आशाला वरसाव्याजवळच्या शाळेत नोकरी लागली. गाडी तेवढी अजून गुजरातच्या नंबरावर आहे. तिचा विमा संपत आला, म्हणून आमच्याच सोसायटीतले विमा एजंट मितेशभाई यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "परागभाई, पुराना ॲड्रेस ही रखो ना, यहाँ आधी बिल्डिंग गुजरात पासिंग है." मी म्हटलं, नाही, राहतो तिथलाच पत्ता हवा. (हे म्हणताना माझी मान किंचित ताठ झाली होती. पुढचं सगळं त्या मानेमुळे झालं.)

पत्ता पाच मिनिटांत बदलला. अडलो ते पुढच्या प्रश्नावर: गेल्या वर्षात नुकसानभरपाई मागितली होती काय? मागितली नव्हती. पण एकदा कंपनीला फोन करून, मागितली तर मिळेल का, असं विचारलं होतं. विचारणं म्हणजे मनातून मागणंच नव्हे का? यावर विचार करायला मी तीन दिवस घेतले आणि त्यात जुना विमा संपला. मितेशभाई म्हणाले, "आप सोचते रहो, तब तक गाडी विंटेज हो जाएगी." एका दिवसाचा का होईना, खंड पडला. आता कंपनीचा माणूस गाडी तपासणार, मगच नवा विमा. तोवर गाडी हलवायची नाही, म्हणून आशा दोन रिक्षा बदलून शाळेत जाते.

तपासनीस आले, उन्हाने वैतागलेले. चार फोटो काढून निघालेही होते. मलाच राहवलं नाही. म्हटलं, साहेब, उजव्या दाराचा ओरखडा राहिला. मग आरशाखालचा दाखवला. मग गुडघे टेकून बंपरखालचा. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "साहेब, गाडी तुमचीच आहे ना?" शेवटी मी मागच्या डाव्या कोपऱ्यातला पोचा दाखवला. कसा पडला, असं त्यांनी विचारलं. शहाण्या माणसाने 'खांब' म्हटलं असतं. मी म्हणालो, त्याबद्दल दोन मतं आहेत.

त्यांनी 'कारण अनिश्चित' असं लिहिलं, आणि आता कंपनीला लेखी खुलासा हवा आहे. दादा, तुम्हाला आठवत असेल. चार वर्षांपूर्वी तुमच्या अंगणात मी गाडी मागे घेत होतो, तुम्ही मागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता, आणि मी पाण्याच्या टाकीपर्यंत आलो. आता दोष 'येऊ दे' म्हणणाऱ्याचा की येणाऱ्याचा? स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण विश्वास तुमच्यावर होता.

सर्वांना यथायोग्य.

तुमचा,
पराग

ता.क. "मी मागे उभा राहून येऊ दे म्हणत होतो" एवढं लिहून सहीनिशी पाठवावं. दोष देण्याचा हेतू नाही. (थोडा आहे.)

ता.क. २. आत्ताच त्या वर्षीची डायरी काढली. माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'दादा थांब म्हणाले. मला वाटलं, अजून बसेल.' म्हणजे चार वर्षं मी तुम्हाला मनात उगाच दोषी धरलं. क्षमा असावी. तरी दोन ओळी पाठवाच, माझ्याविरुद्ध. त्या येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही, असं ठरवलं आहे.

ता.क. ३. भाऊजी, मी आशा. हे खाली गेलेत, पाकीट आणायला. यांच्याच फोनवरून मी काल दुसऱ्या कंपनीचा विमा काढला. पत्ता भाईंदरचाच टाकला, गाडीभोवती फिरून व्हिडिओ पाठवला, त्यात पोचाही स्वच्छ दिसतो. कसा पडला, हे कोणी विचारलं नाही. पॉलिसी आज आली. पण तेवढ्याने हे किल्ली देणार नाहीत. तुम्ही मोठे आहात, फोन करून "पोचा माफ" एवढंच म्हणा. लगेच म्हणू नका मात्र. जरा विचार केल्यासारखं करा, नाहीतर यांना शंका येईल. सोमवारी मला गाडी हवी आहे.